गणिताचा जादा वर्ग : पुढचा की खोलातला?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शाळेतले गणित तिला चटकन समजते आणि मग तासाला ती कंटाळते. आम्ही दोन वर्ग पाहिले आहेत. एकात आठवीचा अभ्यासक्रम आताच पूर्ण करून घेतात, तर दुसऱ्यात तासाभरात जेमतेम दोन-तीन अवघड उदाहरणे होतात. कोणता निवडावा?

उत्तर : पुढच्या इयत्तेचे गणित आधी उरकल्याने आजचा कंटाळा जातो, परंतु शाळा मुलीला वरच्या वर्गात बसू देणार नसेल, तर तोच कंटाळा आठवीत दुप्पट होऊन परत येतो. त्यामुळे माझा कौल दुसऱ्या वर्गाला आहे. मात्र तिथे त्या दोन-तीन उदाहरणांचे नेमके काय करतात, हे आपण एक तास मागे बसून पाहावे.

उदाहरणार्थ, बुद्धिबळाच्या पटाची कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांतील दोन घरे कापली, तर ६२ घरे उरतात. शेजारची दोन घरे झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी ती सर्व झाकता येतील का? मुले बराच वेळ पट्ट्या मांडून पाहतात आणि अडतात. पाच मिनिटांत उत्तर फळ्यावर लिहून मोकळे होणारे शिक्षक इथे कामाचे नाहीत. चांगले शिक्षक थोडे थांबतात आणि मग एवढेच विचारतात, की एक पट्टी कोणकोणत्या रंगाची घरे झाकते? प्रत्येक पट्टी एक काळे आणि एक पांढरे घर झाकते, कापलेली दोन्ही घरे मात्र एकाच रंगाची, म्हणजे एका रंगाची ३० आणि दुसऱ्याची ३२ घरे उरली, हे मुलांना स्वतः दिसले की ‘अशक्य’ हा शब्द त्यांच्याकडून कारणासह येतो. त्यावर ‘वेगवेगळ्या रंगांची दोन घरे कापली तर?’ असा पुढचा प्रश्न आला, तर वर्ग उत्तम समजावा. (तेव्हा पट नेहमीच झाकता येतो, पण ते मुलीला सांगू नका.)

ऑलिम्पियाड या गणित स्पर्धेच्या नावाने भुलू नये. १९५९ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवसांत मिळून सहाच प्रश्न असतात, रोज साडेचार तास मिळतात आणि कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) गरज पडत नाही. तेव्हा त्या तयारीसाठी म्हणून सहावीतल्या मुलांकडून सूत्रे पाठ करून घेणारा वर्ग भलतीच तयारी करून घेत आहे. अबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढतो. आपल्या मुलीची अडचण मात्र वेगाची दिसत नाही.

वर्गात तिच्या तोडीची चार-पाच मुले आहेत का, हेही पाहावे, कारण सदैव पहिली येणारी मुलगी तिथेही पहिलीच राहिली तर तिला अडण्याची सवय लागणार नाही. वर्षाचे शुल्क एकदम भरू नये. महिनाभर पाठवावे, आणि न सुटलेले उदाहरण ती घरी आल्यावर आपणहून पुन्हा काढून बसते का, ते पाहून पुढचे ठरवावे.