निर्दोष कैद्यांसाठी पन्नास हजार: कुठे द्यावेत, कशासाठी द्यावेत

ताई, आईंच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता पन्नास हजार रुपये निर्दोष असून शिक्षा भोगणाऱ्यांसाठी द्यायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. पैसे कुठे द्यावेत आणि माणूस खरंच निर्दोष आहे हे कसं ओळखावं, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षं इंदूरला पॅरालीगल स्वयंसेवक आहे, म्हणजे वकील नसलो तरी लोकांना कायद्याची मदत मिळवून देतो, त्या अनुभवावरून लिहितो.

निर्दोषपणा माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. मलाही कधी दिसला नाही. तो कागदात सापडतो. नाशिककडच्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशीची शिक्षा सुनावली होती. त्याच कोर्टाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती आणि सरकारी पक्षाने ते दडवलं होतं. तो कागद कुणीतरी शोधून नीट वाचला म्हणून सहा जीव वाचले. सोळा वर्षं मात्र गेली.

त्यामुळे तुमच्या पैशाचं खरं काम कागदाभोवती आहे. वकिलाची फी हा पहिला खर्च नव्हेच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं. पण वकील मिळाला तरी जुन्या फाइलच्या नकला कोण काढणार? दवाखान्याचं जुनं रजिस्टर शोधायला कोण जाणार? धारकडच्या एक बाई मुलाच्या खटल्याचे कागद किराण्याच्या पिशवीत घेऊन आल्या होत्या. मधली चार-पाच पानं नव्हती, आणि नेमका डॉक्टरचा जबाब त्यांतच होता. नकल मिळवायला त्यांना तीन फेऱ्या कराव्या लागल्या, प्रत्येक फेरीला मजुरी बुडाली. तिसऱ्या फेरीचं भाडं त्यांनी शेजारणीकडून उसनं आणलं होतं. असं भाडं, अशी बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही.

दुसरी अडचण अनुवादाची. आमच्याकडे खालच्या कोर्टातले जबाब हिंदीत असतात, सुप्रीम कोर्टात सगळं इंग्रजीत लागतं. शेकडो पानं होतात, आणि एक शब्द चुकला तर अर्थ फिरतो.

तेव्हा वकिलाच्या किंवा नातेवाइकांच्या खात्यात थेट पैसे टाकू नका. अशी प्रकरणं प्रत्यक्ष हाताळणारी नोंदणीकृत संस्था किंवा विधी विद्यापीठातलं विधी-साहाय्य केंद्र शोधा. प्रकरण घ्यायचं की नाही हे कोण आणि काय वाचून ठरवतं, हे आधी विचारा. 'आम्ही सगळ्यांना सोडवतो' म्हणणाऱ्यांपेक्षा दहा फायली वाचून एकच घेणाऱ्यांवर माझा जास्त भरवसा आहे. आयकर सवलतीची (ऐंशी-जी) पावती हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका.

पन्नासातले निदान वीस हजार सुटकेनंतरच्या महिन्यांसाठी राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे. आपल्याच मध्य प्रदेशात तेरा वर्षं आत काढलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला २०२२ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं आणि ४२ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. असा आदेश विरळाच. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात भरपाईसाठी कायदा सुचवला, तो अजून झालेला नाही. सुटलेला माणूस फाटकाबाहेर येतो तेव्हा आधार कार्ड नाही, रेशनकार्डावर नाव नाही, गावातलं घर पडलेलं. पहिले तीन महिने भाडं आणि किराणा कुणी भरला, तर तो पुन्हा उभा राहतो.

आणि तुमचे मामा बँकेतून निवृत्त झालेत, हिंदी-इंग्रजी दोन्ही उत्तम लिहितात, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना एक फाइल अनुवादाला घ्याल का, असं विचारून पाहा. संस्थेचे वकील तपासून देतील, पहिल्या वीस पानांना मी सोबत बसेन.