टेबलमधल्या कॉलमच्या क्रमाला महत्त्व असावं का?

तुमचा प्रश्न असा: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘मोबाइल’ हा नवा कॉलम ‘नाव’च्या शेजारी हवा होता, तो शेवटी जाऊन बसला, तर टेबल नव्याने बांधावं का? नको. नुसतं डोळ्यांना बरं दिसावं म्हणून चालत्या टेबलाला हात लावू नये. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेससारखी ‘आफ्टर’ची, म्हणजे अमुक कॉलमनंतर नवा बसवायची, सोय इथे नाहीच. अगदीच हवा तसा क्रम पाहिजे असेल तर एक व्ह्यू (टेबलातले कॉलम हव्या त्या क्रमाने दाखवणारी साठवलेली क्वेरी) करा आणि मोकळे व्हा.

तत्त्वाचं म्हणाल तर अशा टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडने १९७० सालच्या मूळ शोधनिबंधातच सांगून ठेवलंय की आधी पुरवठादार, मग सुटा भाग, मग प्रकल्प, मग नग, असला क्रम लक्षात ठेवायचं ओझं वापरणाऱ्यावर नको. डेटाबेसशी बोलायची भाषा असलेल्या एसक्यूएलने मात्र हा क्रम मागच्या दाराने आत घेतला. सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम मागवणं), कॉलमची नावं न देता केलेला इन्सर्ट (नवी ओळ घालणं), आणि सगळ्यांत बेरकी म्हणजे दोन क्वेरींचे निकाल एकाखाली एक जोडणारा युनियन. एका क्वेरीत ‘शहर, तालुका’ आणि दुसरीत ‘तालुका, शहर’ लिहा. दोन्ही टेक्स्ट, त्यामुळे एरर येत नाही आणि शहराच्या रकान्यात निम्मे तालुके येतात. नावं कितीही नीट दिलेली असोत, युनियन जागाच बघतो. म्हणून कोडमध्ये कॉलमची नावं लिहायचा कंटाळा करू नका. नावं लिहिलीत की ‘मोबाइल’ कुठे बसलाय याने काही अडत नाही.

डिस्कवर मात्र क्रमाला खरंच किंमत आहे. पोस्टग्रेसमध्ये बिगइंटला (८ बाइटचा पूर्णांक) ८ बाइटच्या हद्दीवर सुरुवात लागते; बूलियन (हो किंवा नाही) एकाच बाइटचा. बूलियन, बिगइंट, बूलियन, बिगइंट असं मांडलंत तर प्रत्येक बूलियनमागे ७ बाइट रिकामे जातात आणि डेटा ३२ बाइटचा होतो. दोन्ही बिगइंट आधी घेतलेत तर १८. पण अख्खी ओळही ८च्या पटीत जाते, म्हणून हातात १४ नव्हे, ८ बाइटच पडतात. एक कोटी ओळींना साधारण ८० एमबी. नवं टेबल आखताना हे फुकटात मिळतं, तेव्हा जरूर घ्या. चालू टेबलासाठी एवढ्यावर डाउनटाइम मागायला मी तरी जाणार नाही.

इंडेक्समधला (शोध लवकर लागावा म्हणून केलेल्या सूचीतला) क्रम हे वेगळंच प्रकरण. ‘शहर, आडनाव’ असा इंडेक्स नुसतं आडनाव शोधताना सहसा फार उपयोगी पडत नाही. डोकं लावायचंच तर तिथे लावा.