कानशिलावरचे केस का गेले?

प्रश्न : माझी मुलगी २० वर्षांची आहे. शाळेपासून फुटबॉल खेळते, त्यामुळे केस कायम घट्ट वर बांधलेले. आता दोन्ही कानशिलांवरचे केस विरळ झालेत. सासूबाई बोअरच्या पाण्याला बोल लावतात, नणंद म्हणते बापाचं टक्कल उतरलं. वसतिगृहात तिची केनियाची मैत्रीण बारीक, घट्ट वेण्या घालते. तिचेही नेमके तिथलेच केस गेलेत. वंश वेगळा, मग दुखणं एकच कसं?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्या मैत्रिणीच्या कानशिलाकडे तुमचं लक्ष गेलं, फार बरं झालं. बोअरच्या पाण्यानं केस राठ होतील, तुटतील. पण फक्त कानशिलंच कशी जातील? आणि आनुवंशिक टक्कल बायकांत येतं तेव्हा बहुधा भांग रुंदावत जातो, कपाळाची कड टिकते. तुम्ही लिहिता त्यावरून मला हे ओढीचं दुखणं वाटतं, म्हणजे केस सतत घट्ट ताणून बांधल्यानं गळणं. मुलीला उजेडात बसवून केस मागे घ्या. विरळ भागाच्या अगदी पुढं आखूड, बारीक केसांची झालर शिल्लक दिसली, तर शंका पक्की. ते केस बांधण्यात सापडत नाहीत, म्हणून वाचतात.

या दुखण्याची पहिली नोंद १९०७ची, ग्रीनलंडच्या बायकांची. त्याही केस घट्ट ओढून बांधत. घट्ट जुड्यामुळं शीख पुरुषांतही ते दिसतं. वंशाचा वाटा आहे, पण वेगळा. आफ्रिकी केस चपटा, कुरळा, त्याचं मूळही वाकडं. तो लवकर तुटतो. त्यात केस सरळ करायची रसायनं लावली की धोका आणखी वाढतो. मैत्रिणीलाही हे जरूर सांगा. पुरुषांचं टक्कल निराळं, ते हार्मोन आणि आनुवंशिकतेचं. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत ते गाठतं. चिनी, जपानी पुरुषांत प्रमाण कमी.

आता बांधणं बदला, आजच. मानेवर सैल वेणी, पुढं कापडी पट्टी; रबर नको. बांधल्यावर डोकं ठणकलं किंवा मुळाशी पुटकुळ्या आल्या, तर ते अजून घट्टच आहे. लवकर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली की मुळं मरतात, कातडी गुळगुळीत होते आणि मग औषधाचा उपयोग होत नाही. म्हणून तेलं बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. जाताना केस सामन्याला बांधते तसेच बांधून न्या, म्हणजे ओढ कुठं बसते ते डॉक्टरांना दिसेल.