डब्यातली चिल्लर कुठे न्यायची

पगार हातात टिकत नाही म्हणतोस, तर सुरुवात चिल्लरपासून कर. रात्री खिशातली नाणी एका डब्यात टाकायची. सगळी नको, एक-दोन रुपयांची थोडी जवळ असू देत. नाहीतर वाणी सुट्ट्यांच्या बदल्यात गोळ्या हातावर ठेवतो आणि आपण मुकाट्याने घेतो. मला हे अजिबात पटत नाही. आपले पैसे मागायला लाजू नकोस.

डबा भरला की नाणी वेगळी करून शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या बांध आणि गर्दी नसताना बँकेत ने. शंभर नाण्यांच्या पिशव्या घेणं सोयीचं पडेल, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सुचवलंय. नाणी घ्यायला बँकेने नकार द्यायचा नसतो, तेव्हा परत पाठवलं तर शाखाधिकाऱ्यांना भेट. दहाचं नाणं 'चालत नाही' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नकोस. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दोन्ही चालतात. पंचवीस पैसे मात्र २०११ मध्येच बंद झाले.

हे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नकोस, यूपीआयने कधी उडाले कळत नाही. पोस्टात आरडी उघड, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायचं खातं. महिना १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं. हप्ता चुकला तर दंड लागतो. खातं १५ तारखेच्या आत उघडलंस तर पुढचे हप्तेही दर महिन्याच्या १५ पर्यंत भरायचे असतात, म्हणजे पगार झाल्या झाल्या. तुझ्यासारख्याला तेच बरं. जाताना आधार, पॅन आणि फोटो ने.