आयरिश कवितेत जमीन आणि इतिहास इतका का येतो, आणि ती वाचायची कशी?

प्रश्न असा आहे: शेमस हीनी, येट्स वगैरेंच्या कविता इंग्रजीत असूनही त्यातली गावं, घराणी आणि सालं डोक्यावरून जातात. या कवितेचं जमिनीशी नेमकं नातं काय, आणि सुरुवात कुठून करावी?

थोडक्यात सांगायचं तर, आयरिश कवितेत जागेचं नाव आलं की तिथे मालकीचा प्रश्न आहे असं धरून चाला. ही जमीन कोणाची होती, कोणाकडे गेली, तिला हे नाव कोणी दिलं, एवढं विचारलं की निम्मं काम होतं.

याची मुळं जुनी आहेत. गेलिक (इंग्रजी सत्तेआधीच्या, आयरिशभाषक) आयर्लंडमध्ये 'फिली', म्हणजे रीतसर शिकलेला कवी, सरदाराच्या पदरी असायचा. वंशावळ तोंडपाठ ठेवणं, अमुक टेकडीला अमुक नाव का पडलं ते सांगणं, धन्याची स्तुती आणि वेळ पडली तर शत्रूची निंदा करणं, ही त्याची नोकरी. जागांच्या नावांमागच्या कथांचा 'दिनशनखस' हा वेगळा वाङ्मयप्रकारच होता. आपल्याकडच्या स्थलमाहात्म्यासारखा, फक्त देवांपेक्षा राजे-योद्धे जास्त. बाराव्या शतकातल्या 'बुक ऑफ लेन्स्टर' या हस्तलिखितात त्याचा मोठा साठा आहे.

छंद कमालीचे कडक होते. 'देवी' नावाचा एक छंद घ्या (उच्चार साधारण असाच, अर्थाचा काही संबंध नाही). प्रत्येक ओळीत सात अक्षरं. जोडीतल्या दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द पहिलीच्या शेवटच्या शब्दापेक्षा एका अक्षराने लांब. ओळीत अनुप्रास हवाच. यमकासाठी व्यंजनांचे गट ठरलेले: क, त, प यांचं आपसात जुळतं, ग, द, ब यांचं आपसात, पण क आणि ग यांचं जुळत नाही. वर्णमाला घोकलेल्या मराठी वाचकाला ही व्यवस्था लगेच कळते. इंग्रजी भाषांतरात मात्र यातलं जवळजवळ काहीच उतरत नाही, त्यामुळे भाषांतर वाचून 'साधीच तर आहे' असं वाटलं तर तो दोष मूळ कवितेच्या माथी मारू नका.

१६०१ मध्ये किन्सेलची लढाई गेलिक सरदार इंग्रजांविरुद्ध हरले, १६०७ मध्ये अल्स्टरचे अर्ल (उत्तरेकडचे बडे सरदार) देश सोडून गेले आणि कवींचे पोशिंदेच गेले. पुढे इंग्रज सेनापती क्रॉमवेल आला आणि जमिनी जप्त झाल्या. १६४१ मध्ये कॅथलिकांकडे सुमारे ५९ टक्के जमीन होती. १७०३ पर्यंत ती सुमारे १४ टक्क्यांवर आली. सतराव्या-अठराव्या शतकातली आयरिश भाषेतली कविता वाचताना हे दोन आकडे हाताशी ठेवा. 'किल खॅश' ही प्रसिद्ध विलापिका वरवर जंगलतोडीवर आहे: शेवटची झाडंही पडली, आता लाकूड कुठून आणायचं? पण टिपरेरीतलं ते जंगल बटलर घराण्याच्या वाड्याभोवतीचं होतं, आणि खरं दुखणं वाडा ओस पडल्याचं आहे. ती निव्वळ पर्यावरणाची कविता म्हणून आज फिरते, ते अर्धंच खरं. त्याच काळातल्या 'अॅशलिंग' या प्रकारात कवीला सुंदर स्त्री दिसते, ती स्वतः आयर्लंड असते, आणि तिचा हक्काचा नवरा म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्ट्युअर्ट घराण्याचा परागंदा राजा. ओगान ओ राहिल्या हा त्यातला सर्वांत मोठा कवी. या सगळ्यासाठी एकच पुस्तक घ्यायचं तर शॉन ओ टुमा आणि टॉमस किन्सेला यांचं 'अन दुआनरे' (१९८१): एका बाजूला आयरिश, समोर इंग्रजी.

तरी सुरुवात इथून करू नका. सुरुवात करा पॅट्रिक कॅव्हनाच्या 'एपिक'पासून. चौदा ओळींचं सुनीत आहे. मोनॅहन काउंटीतली दोन घराणी, डफी आणि मकेब, अर्ध्या 'रूड' खडकाळ जमिनीवरून हमरीतुमरीवर आली आहेत. रूड म्हणजे पाव एकर, अर्धा रूड म्हणजे आपले बरोबर पाच गुंठे. म्हातारा मकेब अंगातलं काढून, पोलादी हत्याराला न जुमानता त्या तुकड्यावर पावलं टाकतो आहे. साल १९३८, म्हणजे तिकडे म्युनिकमध्ये हिटलरशी करार चाललेला, आणि कवी त्याला नुसती 'म्युनिकची कटकट' म्हणून मोडीत काढतो. मग त्यालाच शंका येते की यातलं महत्त्वाचं काय. तेव्हा होमरचं भूत कानात सांगतं की इलियड मी असल्याच गावभांडणातून रचलं. बांधाची भांडणं पाहिलेल्या माणसाला तळटीप लागत नाही. यात येणारी बॅलीरश आणि गॉर्टिन ही नावं 'टाउनलँड'ची आहेत. टाउनलँड हा तिथला जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत विभाग. बेटावर असे साठ हजारांहून जास्त आहेत.

ही नावं नकाशावर अशी विचित्र का दिसतात, त्याचंही कारण आहे. १८२४ पासून ब्रिटिशांनी ऑर्डनन्स सर्व्हे केला, मैलाला सहा इंच या प्रमाणात. हेतू होता स्थानिक कर नीट बसवण्यासाठी टाउनलँडच्या हद्दी पक्क्या करण्याचा. त्यात आयरिश नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिली गेली. परिणामी 'किल' ने सुरू होणारं गाव कधी चर्चचं असतं, कधी रानाचं, आणि नकाशा पाहून ते कळत नाही. अंदाज बांधू नका. आयर्लंडचा 'लोगॅनम' हा स्थलनामांचा डेटाबेस नेटवर फुकट आहे. गावाचं आयरिश रूप आणि जुनी लिखित रूपं त्यात मिळतात. उत्तर आयर्लंडच्या नावांसाठी वेगळा प्रकल्प आहे. हीनीच्या 'अॅनाहॉरिश' आणि 'ब्रोआ' या दोन छोट्या कविता जागांच्या नावांवरच आहेत, म्हणून अपवाद म्हणून त्या या तपासणीनंतरच वाचा.

हीनीचं खरं घर म्हणजे बॉग, पीटची दलदल. बॉगमध्ये स्फॅग्नम नावाचं शेवाळ वर वाढतं आणि खालचं न कुजता साचत जातं, ढोबळमानाने वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे एक मीटर खाली गेलात की हजारेक वर्षं मागे गेलात. पाणी आम्ल, थंड आणि प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे जीवाणूंचं काही चालत नाही: कातडी कमावल्यासारखी टिकते, हाडांतला चुना मात्र आम्लात विरघळतो. 'बॉगलँड' (१९६९ च्या संग्रहातली शेवटची कविता) समोर ठेवून पाहा. चार-चार ओळींची सात कडवी, ओळी अगदी आखूड, पानावर खाली खोदत जाणारी उभी पट्टी. वर काढलेला प्रचंड एल्क हरणाचा सांगाडा, शंभरावर वर्षं पुरून राहिलेलं लोणी, आणि शेवटी तळच नाही असं विधान. इथे कोळसा कधीच खणणार नाहीत असंही कवी म्हणतो. अक्षरशः घेतलं तर ते चूक आहे, कॅसलकोमर आणि अरिग्ना इथे कोळशाच्या खाणी होत्या; खोलातला बॉगही दहा-बारा मीटरवर संपतो. कवीला सांगायचंय ते एवढंच की या देशात शोध घ्यायचा तर क्षितिजाकडे जाऊन भागत नाही, खाली उतरावं लागतं.

त्यानंतर 'टोलंड मॅन' (१९७२). डेन्मार्कमध्ये १९५० साली गळ्यात फास असलेला लोहयुगातला माणूस पीटमध्ये सापडला. ग्लोब या पुरातत्त्वज्ञाच्या पुस्तकामुळे हीनीला तो कळला. कवितेच्या मधल्या भागात १९२० च्या दशकात मारून रेल्वेरुळांवरून फरपटत नेलेले चार भाऊ येतात, आणि तिथे कवितेचा पीळ आहे. याच धाग्यावरचा हीनीचा 'नॉर्थ' हा संग्रह (१९७५) आला तेव्हा बेलफास्टचाच कवी किअरन कार्सन याने टीका केली की असं प्राचीन बळींशी नातं जोडलं की उत्तर आयर्लंडमधले त्या काळचे खून अटळ वाटायला लागतात. हा आक्षेप माहीत असू द्या. माझ्या मते 'टोलंड मॅन' त्यातून सुटते, 'नॉर्थ'मधल्या काही कविता सुटत नाहीत.

आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळासाठी ईव्हन बोलंड ही कवयित्री वाचा. १८४५ ते १८४९ मध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. रोजगार म्हणून सरकारने रस्ते बांधायला लावले, त्यातले कित्येक कुठेच जात नाहीत. बोलंडच्या कवितेत एक जोडपं पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांताच्या सीमेवरच्या रानात असा रस्ता पाहतं: मजूर जिथे मेले तिथे रस्ता संपला, आणि नकाशावर तो दाखवलेलाच नाही. नकाशाशास्त्राच्या मर्यादेवरची म्हणून ही कविता ओळखली जाते. १९९४ च्या संग्रहात आहे.

येट्स मुद्दाम मागे ठेवला. लोक त्याच्या 'इनिसफ्री' या कवितेने सुरुवात करतात आणि आयरिश कविता म्हणजे तळं, मधमाश्या, धुकं असा समज करून घेतात. 'ईस्टर १९१६' घ्या. ब्रिटिश राजवटीविरुद्धचं डब्लिनमधलं बंड २४ एप्रिल १९१६ ला सुरू झालं. कवितेच्या चार भागांत ओळी आहेत १६, २४, १६, २४, म्हणजे तारीख आणि सालच ओळींत मोजलेलं. तिसऱ्या भागात माणूस नावाने येतच नाही, वाहता ओढा आणि त्यातला न हलणारा दगड आहे, तो आधी वाचा. शेवटी चार नावं येतात. त्यातले पिअर्स आणि मॅकडोना स्वतः कवी होते, आणि मॅकब्राइड हा येट्सच्या प्रिय मॉड गॉनचा विभक्त नवरा. कविता सप्टेंबर १९१६ मध्ये लिहिली, जाहीरपणे छापली १९२० मध्ये. मराठी वाचकासाठी एक जाता जाता: म्हातारपणी येट्सने उपनिषदांचं जे इंग्रजी भाषांतर केलं (१९३७), त्यातले जोडीदार श्री पुरोहित स्वामी हे आपल्या बडनेऱ्याचे.

बेलफास्टचा कवी मायकेल लाँगली याच्या दोन कविता मात्र सोडू नका. 'सीझफायर' उत्तर आयर्लंडमधल्या १९९४ च्या युद्धबंदीच्या दिवसांत 'आयरिश टाइम्स'मध्ये छापून आली आणि तिच्यात आयर्लंडचा उल्लेखही नाही, फक्त इलियडमधले प्रायम आणि अकिलीझ. दुसरी बेलफास्टमधल्या एका आइस्क्रीमवाल्याच्या खुनावर आहे, आणि तिचा मोठा भाग म्हणजे बरेन भागातल्या रानफुलांची नावं.

वाचताना सवय अशी ठेवा: पहिलं वाचन काहीही न शोधता, मोठ्याने. मग जागांची नावं आणि सालं पेन्सिलीने खुणावून तेवढीच तपासा. मग पुन्हा मोठ्याने. टीपांचं पुस्तक आधी उघडलं की कविता कोड्यासारखी वाटायला लागते. आणि 'प्राचीन केल्टिक आशीर्वाद' म्हणून जे फॉरवर्ड येतात, त्यांत मूळ आयरिश मजकूर, हस्तलिखित किंवा कवीचं नाव दिलेलं नसेल तर सरळ पुढे जा.