‘दहा किलो कमी करून या, मग बघू’

प्रश्न : मावशी, माझं वय ३६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. पीसीओडी (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, ‘दहा किलो कमी करून या, मग आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) बघू.’ सासूबाई पाहुण्यांसमोर बोलतात, ‘खाणं आवरत नाही, मूल कुठून होणार?’ आठवडाभर नुसत्या काकडीवर काढला, तर चक्कर आली. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आधी ती काकडी बंद कर.

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या वर जातो, त्यामुळे डॉक्टर उगाच बोलल्या नाहीत. वजन जास्त असलं की इंजेक्शनांचा डोस वाढतो, गर्भपाताची भीती वाढते, पुढे गरोदरपणात शुगर-बीपी मागे लागतं. पण नेदरलँड्समधला २०१६ सालचा अभ्यासही ऐक. लठ्ठ बायकांपैकी काहींना सहा महिने आहार-व्यायाम आणि मग उपचार, बाकीच्यांना लगेच उपचार. थांबलेल्यांना सुदृढ बाळं काही जास्त झाली नाहीत. मात्र उपचाराशिवाय दिवस राहिलेल्या बायका या थांबलेल्यांमध्येच जास्त निघाल्या.

पीसीओडीत चार-पाच किलो उतरले तरी कित्येकींची पाळी मार्गाला लागते. म्हणून प्रयत्न कर, पण दहाच्या आकड्यासाठी वर्ष घालवू नको. पस्तिशीनंतर बीजांचा दर्जा वजनाची वाट बघत नाही. डॉक्टरांना सरळ विचार : ‘माझा एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) किती? तीन महिन्यांत पाचच किलो उतरले तर सुरू करणार ना?’ तारीख फाईलवर लिहून घे. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं कुणी सुचवली, तर ती गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावी लागतात, हेही ध्यानात ठेव.

रविवारचा तर्री-पोहा सोड म्हणणार नाही, फक्त तर्री दुसऱ्यांदा मागू नको. चालायला उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाच निघ. नंतर आपलं नागपूरचं ऊन कुणाला चालू देतं?

आणि एवढ्या पत्रात नवऱ्याबद्दल एक ओळ नाही! त्याची वीर्यतपासणी झाली का? पोट सुटलंय का, खर्रा (तंबाखू-सुपारी) चालतो का? दोन्हींचा शुक्राणूंवर परिणाम होतो, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे तुझे तीन महिने ते त्याचेही.

सासूबाईंना उत्तर तू देऊ नको. ते काम त्याचं. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोरच म्हणू दे, ‘आई, तपासणी माझीही सुरू आहे.’