जुनी स्पोर्ट्‌स कार आणि शर्यतीचे दोन दिवस: वाचकांचे प्रश्न

1960 आणि 70च्या दशकांतल्या स्पोर्ट्‌स गाड्या हौसेने शर्यतीत उतरवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. इंजिनाची ताकद कशी वाढवावी, हे विचारणारी पत्रे मुद्दाम बाजूला ठेवली. शनिवार-रविवार वाया जातो तो सैल नट, उकळलेले ब्रेक ऑइल आणि दगा देणारा इग्निशनचा कंडेन्सर (स्पार्क पाडणाऱ्या यंत्रणेतला छोटा विद्युत भाग) यांच्यामुळे; पाच-दहा हॉर्सपॉवर कमी पडली म्हणून सहसा नाही.

प्रश्न: 1967ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार) पहिल्यांदाच शर्यतीला नेतो आहे. शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी कशावर अडते? दोन दिवसांचे नियोजन कसे करावे?

अडते ती बहुधा किरकोळ गोष्टींवर. तुमच्या गाडीत सीटच्या मागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांचे खालचे पाळणे गंजून पोकळ होतात. हात घालून हलवून पाहा. बॅटरी हलली तर तपासनीस पुढचे काही बघणारच नाही. थ्रॉटलला परतीच्या दोन स्प्रिंगा हव्यात, एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटलची आतली झडप (फुलपाखरू) बंद झाली पाहिजे. इंजिनाच्या ब्रीदरचे (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचे) तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून साठवण डबा लागतो. 2000 सीसीपर्यंत तो किमान 2 लिटरचा धरा. वीज तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हाताला लागेल असा हवा आणि तो दाबल्यावर चालू इंजिन बंद पडले पाहिजे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चुकीच्या वायरिंगमुळे नेमके हेच होत नाही.

हेल्मेट मोटारसायकलचे चालत नाही, कारण मोटारशर्यतीच्या हेल्मेटची आगीची चाचणी त्याला लागू नसते. सीटबेल्टच्या लेबलवरची तारीख घरीच वाचा: एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ) मानकाच्या बेल्टची मुदत साधारण पाच वर्षे, एसएफआय या अमेरिकी मानकाच्या बेल्टची दोन. बेल्ट दिसायला नवा असला तरी मुदत संपलेली चालत नाही. कोणते लेबल मान्य आहे ते आयोजकांच्या नियमपत्रिकेत असते. रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचे कूलंट असेल तर ते काढून साधे पाणी आणि गंजरोधक घाला. ग्लायकॉल सांडले की ट्रॅक निसरडा होतो आणि धुऊनही लवकर निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याला बंदी असते.

आता दोन दिवस. पहिल्या सरावात वेगवान फेरीच्या मागे लागू नका. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेल मागून तापते. तेल 70 अंशांच्या आसपास येईपर्यंत इंजिन ताणू नका. बाहेर आलात की चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. नवे रंगवलेले रिम असतील तर हमखास सैल सापडतात, कारण नटाखालचा रंग दबतो. तारांची चाके असतील तर मधला नॉक-ऑफ नट तांब्याच्या हातोड्याने पुन्हा ठोका. शिवाय कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून चाक मागे-पुढे हलवा. 'टक्' आवाज आला तर हबचे दाते झिजले आहेत आणि ती जोडी शर्यतीच्या कामाची नाही.

वीस मिनिटांच्या फेरीला 1800 सीसीचे इंजिन साधारण 10 ते 15 लिटर पेट्रोल पिते. तरीही टाकी अर्ध्याखाली नेऊ नका, लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. रविवारी सकाळी एका वेळी एकच बदल करा. टायरची हवा, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) आणि कार्ब्युरेटरचे जेट तिन्ही एकदम बदलले तर गाडी का सुधारली किंवा बिघडली, ते कळत नाही.

प्रश्न: चार-पाच फेऱ्यांनंतर ब्रेकचे पेडल खाली जाते. ब्रेक ऑइल बदलले, एअर काढली, तरी तेच. पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत.

पेडल 'खाली जाते' म्हणजे नक्की कसे, यावर सगळे अवलंबून आहे. पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर तेल उकळते आहे. पेडल घट्ट आहे, पाय रोवून दाबता, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेले आहेत. त्यात तेलाचा दोष नाही. तिसरा प्रकार फसवा: पहिल्या दाबाला पेडल खोल जाते आणि दुसऱ्या दाबाला जागेवर येते. यात चाकाच्या बेअरिंगमधला खेळ किंवा वाकडी डिस्क पॅडना मागे ढकलते. कर्बवरून (ट्रॅकच्या उंच कडेवरून) गेल्यावर असे झाले तर बहुतेक हेच. दुरुस्ती होईपर्यंत सरळ भागात डाव्या पायाने पेडल हलकेच दाबून पॅड पुढे आणून ठेवा.

पण सर्वांत आधी मागचे ड्रम पाहा. एमजीबीसारख्या गाड्यांत ते आपोआप जुळत नाहीत. मागच्या बाजूचा चौकोनी ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा आणि मग एक खाच मागे घ्या. हे न करता महागडी पॅड बसवणारे पुष्कळ आहेत. पेडल लांबच राहते, पैसे तेवढे जातात.

तेलाचे म्हणाल तर डॉट 4चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान 230 अंश आणि ओलावा शोषल्यावर 155, डॉट 5.1चा 260 आणि 180. शर्यतीच्या तेलांचा कोरडा आकडा 300च्या वर जातो, पण त्यांतली बरीच पाणीही लवकर शोषतात. म्हणून मोसमात एकदा नव्हे, दर स्पर्धेआधी बदला. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. सिलिकॉनचे डॉट 5 मात्र टाळा. तापल्यावर ते दबते आणि पेडल मऊ वाटते. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

नवी पॅड आधी डिस्कशी जमवून घ्यावी लागतात: मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा ब्रेक लावा, दर वेळी थोडा जास्त जोर लावून, पण पूर्ण न थांबता, मग एक फेरी ब्रेक न लावता. शेवटची थंड फेरीही अशीच घ्या, आणि पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करण्याच्या जागेत) आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले अस्तर ड्रमला चिकटून बसते. चाकाखाली लाकडी पाचर लावा.

प्रश्न: दहा मिनिटे गाडी छान पळते, मग मिसिंग (इंजिन अडखळणे) सुरू. थंड झाली की पुन्हा ठीक.

आधी कंडेन्सर. आतले इन्सुलेशन तापले की तो निकामी होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा साळसूद. पॉइंट्सवर (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर) निळसर जळण किंवा खड्डा आणि सुळका दिसला तर शंकाच नको. तो बदलून फेरी मारा. पॉइंट्सचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी ठेवा आणि गॅप बदलल्यावर टायमिंग पुन्हा बघा, कारण गॅप वाढला की स्पार्क लवकर पडतो. नंतर कॉइल आणि रोटर आर्म (डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता तुकडा) तपासा. जुन्या लुकास डिस्ट्रिब्यूटरमध्ये हलक्या प्रतीच्या रोटरचे रिव्हेट आतून स्पार्क गळू देतात. बाहेरून काही दिसत नाही. सुटे भाग नवेकोरे ठेवण्यापेक्षा गाडीवर चालवून पाहिलेले ठेवा. आजकालच्या नव्या कंडेन्सरवर आमचा फारसा भरवसा नाही.

पेट्रोलचा दोष असेल तर गाडी झटका न देता हळूहळू दम सोडते, आणि तेही लांब सरळ भागाच्या शेवटी, पूर्ण थ्रॉटलवर. टाकीचे झाकण उघडून पाहा. फुस्स आवाज आला तर टाकीची हवेची वाट बंद आहे. एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप भराभर टकटक करत असेल आणि पेट्रोल येत नसेल, तर तो हवा ओढतो आहे. अजिबात वाजत नसेल, तर त्याचे पॉइंट्स किंवा अर्थिंग बघा. गाडीत इलेक्ट्रिक टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर त्याचा काटाच निम्मे उत्तर देतो: मिसिंगच्या वेळी तो झटके खात खाली पडला, तर दोष इग्निशनच्या प्राथमिक मंडलात आहे.

प्रश्न: लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा क्षणभर पडतो. दुर्लक्ष करावे का?

नाही. त्या क्षणी तेल एका बाजूला गेले आहे आणि पंप हवा ओढतो आहे. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंगे त्यातच जातात. आधी पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर आणा. तरीही काटा पडला तर संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या तसराळ्यात) आडपडदे बसवा. तोवर त्या वळणात इंजिन ताणू नका. एमजीबीच्या गरम इंजिनात धावताना 50 ते 80 पीएसआय आणि आयडलिंगला 10 ते 25 हवे. तेल 20डब्ल्यू-50, आणि सपाट टॅपेटसाठी पुरेसे झिंक असलेलेच घ्या.

प्रश्न: गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3. वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू अचानक सुटते.

तुमच्या गाडीचा मागचा धुरा स्विंग ॲक्सल प्रकारचा आहे. पाय काढला की वजन पुढे जाते, मागची बाजू उचलली जाते, बाहेरचे चाक आत मुडपते आणि टायर फक्त कडेवर उभा राहतो. ट्रायम्फने 1970च्या मार्क 4मध्ये वेगळी स्प्रिंग देऊन हे बरेचसे सुधारले. तुम्ही मागची उंची कमी करून चाकांना स्थिर अवस्थेत थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) द्या आणि चाक खाली लटकण्यावर पट्ट्याने मर्यादा घाला. आयोजकांचा नियम पाहूनच. गाडीच्या मूळ काळात नसलेला बदल काही गटांत चालत नाही. चालवताना वेग वळणाआधीच कमी करा, आत शिरल्यावर थ्रॉटल हलका का होईना, पण उघडाच ठेवा.

प्रश्न: निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येते आहे) दिसला की बाजूला व्हायचे का?

एकदम बाजूला होऊ नका. मागचा चालक तुमची नेहमीची रेषा (ट्रॅकवरून जाण्याचा मार्ग) धरून चाल करतो आहे. तुम्ही मध्येच हललात तर दोघेही एकाच जागी पोहोचता. रेषा कायम ठेवा, सरळ भागात ज्या बाजूने जाऊ द्यायचे त्या बाजूला हात दाखवा आणि थोडा थ्रॉटल सोडा. काळ्या झेंड्यावर नारिंगी गोल दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड दिसला आहे, पिटमध्ये या. आणि तेल गळत असेल तर पिटपर्यंत रेषेवरून येण्याचा मोह टाळा. रेषेबाहेर, झेंडेवाल्याच्या जवळ गाडी उभी करा.